काजळाची तीट

छायाचित्रात एकतीस माणसे होती. तिसांचे चेहरे स्वच्छ उमटले होते. मधल्या रांगेतील एका स्त्रीच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसते धुके होते. तिच्या मांडीवर निजलेले तान्हे बाळ म्हणजे ऋजुताचे आजोबा, प्रकाशशास्त्रज्ञ त्र्यंबकराव. आणि ते धुके म्हणजे त्यांची आई.

धरणाखाली गाव बुडण्याच्या आदल्या दिवशी, देवळाच्या मंडपात ते चित्र काढले होते. त्याच वर्षी आई तापाने गेली. तिचे दुसरे छायाचित्र नव्हते. आता एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांची दृष्टी मावळत होती. दिवाळीनंतर काही दिसणार नाही, असे वैद्यांनी स्पष्ट सांगितले होते. तत्पूर्वी एकदा आईचे मुख पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या प्रयोगशाळेतील ‘साक्षी’ या यंत्रमानवाने ते चित्र उजळून पडद्यावर आणले. धुक्याच्या जागी एक शांत, सुंदर चेहरा होता. आजोबांनी हात जोडले.

ऋजुताला मात्र काहीतरी खटकले. बाळाच्या गालावरचा काळा ठिपका कुठे गेला? बोलावे की गप्प राहावे, हे तिला कळेना. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होते. अखेर तिने विचारलेच.

“तो डाग होता,” साक्षी म्हणाला. “मी पुसला.”

आजोबांचे हात हळूहळू खाली आले. “आणि हे मुख? ते कुठून आणलेस?”

त्या काळच्या सहस्रावधी स्त्रियांच्या चेहऱ्यांवरून अनुमान (प्रत्यक्ष न पाहता बांधलेला अंदाज) केले, असे साक्षीने सांगितले.

“साक्षी म्हणवतोस, आणि न पाहिलेले सांगतोस?”

मग आजोबांनी ऋजुताला जवळ बसवून समजावले. फिल्म म्हणजे प्रकाश साठवणारे पात्र. मंडपातील अंधारात ते भरण्यास चार सेकंद लागले. हा झाला उन्मीलनकाळ (कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा अवधी). जो निश्चल बसला, त्याचा प्रकाश एका जागी साचला. जी हलली, तिचा सांडत गेला. या जुन्या, दाणेदार फिल्मवर सांडलेला प्रकाश पुन्हा वेचता येत नाही.

“म्हणजे पणजी कधीच दिसणार नाही?”

“नाही, बाळ.”

ऋजुता मूळ चित्राकडे पाहत राहिली. धुक्यापासून बाळाच्या डोक्यावरपर्यंत एक पांढरा, पंख्यासारखा पट्टा होता. तो पदर होता. सारे गाव श्वास रोखून बसले असता, ती बाळाला वारा घालत होती. म्हणून बाळ निजले. म्हणून ते स्वच्छ उमटले, गालावरच्या काजळाच्या तिटेसह.

“आजोबा, ही तीट कोणी लावली असेल?”

त्र्यंबकरावांनी भिंग डोळ्याशी नेले. ठिपका एका बाजूला किंचित ओघळला होता, बोट उचलताना ओघळावा तसा.

“साक्षी,” ते म्हणाले, “या तिटेचा उंचवटा करून दे. डोळे गेल्यावर मी बोटाने पाहीन.”