चादरी अक्षरांतलं पत्र

“आता सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही,” असं बजावूनच सोलापूरचे नरसय्या येमूल कुठल्याही गोष्टीला हात घालत. मग सांगत, की चंद्रावरच्या वस्तीत दारादारावर जी अक्षरं आहेत, ती त्यांनी एका दुपारी, हातातली विडी विझायच्या आत काढली. वस्तीच्या प्रमुखानं म्हणे स्वतः फोन करून विचारलं, ‘ळ’चं पोट थोडं आत घेऊ का? नरसय्यांनी साफ नाही सांगितलं.

विडी आणि फोन सोडला तर बाकी खरं होतं.

चादरीवर नक्षी विणायची तर ती आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढावी लागते. नरसय्यांनी उभी हयात असे मोर काढले आणि म्हातारपणी अक्षरं काढली. सगळी ठिपक्याठिपक्यांची, आणि सगळ्यांची रुंदी सारखी. सडपातळ ‘र’ला जेवढी जागा तेवढीच ऐसपैस ‘क्ष’ला. आद्य संगणकांची आठवण करून देणाऱ्या या रूपावर लोक फिदा झाले. एकविसावं शतक संपत आलं तेव्हा चहाच्या टपऱ्यांच्या पाट्या, लग्नपत्रिका, घड्याळं, मुलांचे खेळ, जिकडेतिकडे हाच टाइप होता. त्याचं नाव ‘चादरी’.

त्या दिवशी मात्र नरसय्यांच्या तोंडून थाप फुटत नव्हती. समोर डॉक्टर केतकी वर्तक बसल्या होत्या. चांद्र वस्ती मंडळात त्या डोळ्यांच्या शास्त्रज्ञ. आत राजम्मा, नरसय्यांची बायको, दाराकडे कान लावून होती. काचबिंदूनं तिची दृष्टी गेली होती. लेक श्रीलता चंद्रावर. तिचं रोज पडद्यावर येणारं पत्र नरसय्या वाचून दाखवत. नऊ दिवस पत्र नव्हतं, आणि राजम्माच्या ताटातली भाकरी तशीच राहत होती.

“वस्तीशी संपर्क तुटलाय, काका,” केतकीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “मदतीचं यान तयार होऊन पोचायला पन्नास दिवस. पत्राची वाट बघणारी एक्केचाळीस घरं आहेत अशी. त्यांना आम्ही दिलासापत्रं देणार आहोत.”

“म्हणजे खोटी.”

“ज्याला हवी तशी. वाचताना आपली नजर सरकत नाही, उड्या मारते. सेकंदाला तीन-चार. उडी चालू असताना आपण आंधळे असतो, मेंदू ते कळू देत नाही. चादरीत अक्षरं सारख्या रुंदीची, म्हणून उड्याही सारख्या पडतात. पुढची कुठं पडणार ते पडद्याला आधीच कळतं. त्या आंधळ्या क्षणात एक अक्षर काढून दुसरं ठेवायचं. रुंदी तीच, त्यामुळे ओळ हलत नाही. नजर कुठं रेंगाळते, डोळ्यातली बाहुली कुठं मोठी होते, त्यावरून तुम्हाला काय वाचायचंय ते यंत्र ओळखतं.”

नरसय्यांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. “माझ्याच अक्षरांनी मलाच गंडवणार तुम्ही?”

“माहीत असूनही गंडाल.”

“बाई, मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.”

“या वापराला तुमची सही लागते. टाइप तुमचा आहे.”

“आणि खरंच पत्र आलं तर?”

“तर तेच दाखवू. तुम्हाला फरक कळणार नाही, एवढंच.”

त्यांनी नको म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून राजम्मानं विचारलं, “अहो, पत्राचं सांगायला कुणी आलंय का?”

नरसय्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पडदा उजळला. राजम्मा खुर्ची ओढून जवळ बसली. नरसय्या मनाशी हसले, आता बघू हे यंत्र काय करतं ते. आणि वाचू लागले.

“अप्पा, तुम्ही म्हणत होता तेच खरं. इथं काही राम नाही. पुढच्या यानानं घरी येते. आपला माग पुन्हा चालू करू. तुमच्या अक्षरांचं इथं सगळे कौतुक करतात.”

नजर मागे नेऊन त्यांनी ओळी चाचपल्या. अक्षरं जागची हलत नव्हती. खरंच आलं असेल, त्यांना वाटलं. संपर्क रातोरात जुळलाही असेल. पत्र वाचताना पदरचं काही घालायची त्यांची जुनी खोड. आज एक अक्षरही घातलं नव्हतं.

“झालं?” राजम्मानं विचारलं.

“झालं.”

“आणि मला काय लिहिलंय?”

नरसय्यांनी पुन्हा पाहिलं. अगदी शेवटी एक ओळ होती. मघाशी कशी सुटली? त्यांना हायसं वाटलं. “हे काय, लिहिलंय की. ‘अम्मा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?’”

राजम्मानं खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, “पुन्हा वाचा. पहिल्यापासून.”

त्यांनी वर पाहिलं. पहिलीच ओळ अम्माच्या थेंबांची होती. मागाचं खाली कुठंतरी होतं. आवाज न हलू देता त्यांनी दिसलं तसं वाचलं, शेवटपर्यंत.

“मघाशी मी नव्हतेच त्यात,” राजम्मा म्हणाली. “मागितलं तेव्हा शेवटी आले. आता पहिली झाले. हे पोरीचं पत्र नाही. खोटं वाचताय तुम्ही.”