गोठा कोण झाडतं?

काल दिवसभर स्वतःच्याच पोटाला लाथा मारणारा बैल आज औषधाशिवाय गप्प उभा राहिला, तर तो बरा झाला असं म्हणायचं का? घरात सगळे हो म्हणाले. मी नाही म्हणाले आणि बोलणी खाल्ली.

बैलाचं नाव गेंद्या. पोळा चार दिवसांवर आला होता. मिरवणुकीत अंग भरलेलं दिसावं म्हणून बाबांनी महिनाभर त्याच्यावर कोंड्याचा मारा केला होता. त्यामुळे पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं पाहून ते खूशच झाले. गुरं तपासणारा रोबो 'सोबती' आला. त्याने गेंद्याच्या कपाळाला दुःखमापक टेकवला. हिरवा दिवा लागला. वेदना शून्य, बैल ठणठणीत, असं सांगून तो निघाला.

मी दारात आडवी उभी राहिले.

"गोठा मी झाडते. कालपासून याच्याखालची जमीन कोरडी आहे. लघवी गेली कुठे ते सांग आणि मग जा."

यंत्रापेक्षा तू शहाणी का, असं बाबांनी विचारलं. मला भयंकर राग आला, पण मी हलले नाही. सोबती मात्र थबकला आणि त्याने डॉक्टर शिरीन तडवींना पडद्यावर बोलावलं.

डॉक्टरांनी समजावलं. फार कोंडा खाल्ला की क्षारांचे खडे बनतात. बैलाची मूत्रनलिका (लघवी बाहेर नेणारी नळी) अरुंद आणि वळणाची, खडा तिथे अडकतो. मागे मूत्राशय (लघवीची पिशवी) तट्ट फुगतं, म्हणून बैल लाथा झाडतो. ते फुटलं की ताण जातो, दुखणं थांबतं. पण लघवी पोटात साठते आणि तिचं विष रक्तात भिनतं.

पण पोटातलं पाणी लघवीच आहे, हे ओळखायचं कसं? थोडं रक्त घ्यायचं, थोडं ते पाणी. दोन्हींत क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) मोजायचं. पाण्यात ते रक्ताच्या दुप्पट किंवा जास्त निघालं, तर ती लघवीच.

सोबतीने सुई टोचली. चौपट निघालं. बाबांनी गेंद्यापुढची कोंड्याची पाटी उचलून बाहेर नेली.

डॉक्टर तासाभरात आल्या. त्यांनी पाणी काढलं, शस्त्रक्रिया केली. पोळ्याला गेंद्या मिरवणुकीत गेला नाही. त्याच्याखालची जमीन मात्र ओली होती, आणि ती मी आनंदाने झाडली.

आता सोबती कुठल्याही गावी गेला, तरी दुःखमापक काढण्याआधी विचारतो, "गोठा कोण झाडतं?" मग मागे उभी असलेली कोणीतरी पुढे येते.