रिकाम्या पलंगावरचा फुगा

हे घडलेलं आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. कानिशाय स्वतःही आधी हसलीच होती.

आणि रात्रबित्र नव्हती. नारीन गावात भरदुपार होती, बाहेर बर्फ पडत होतं. रोगनिदान केंद्रातल्या एमआरआयच्या खोलीत कुणीही नव्हतं.

तरी घंटा वाजली...

यंत्रात झोपणाऱ्याच्या हातात एक रबरी फुगा देतात. जीव घाबरला की दाबायचा, बाहेर घंटा वाजते. फुगा रिकाम्या पलंगावर पडला होता.

"हवा गळत असेल," डॉक्टर कानिशाय म्हणाली. ती इथे नवीनच होती.

"असेल की," यंत्र चालवणारा जिरगल म्हणाला. "उपेल-अपा वारल्यापासून गळतेय. म्हातारीच्या डोक्यात गाठ होती. लेकांनी सांगू दिलं नाही. थंडी बसलीय म्हणून घरी धाडली. दारापर्यंत विचारत होती, काय दिसलं ते तरी सांगा..."

"बायके, चहा प्या आणि गप बसा." वयाने मोठा म्हणून ती त्याला बायके म्हणे, म्हणजे दादा.

तिने फुग्याची नळी भिंतीतून उपसली, फुगा खणात टाकला आणि नवा लावला.

मग सोनुनबू आली. नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे गालिचे शिवणारी. डोकं ठणकायचं, डाव्या हातातून सुई गळायची.

कानातलं काढताना ती म्हणाली, "सोन्याचे दातही काढू का?"

"राहू देत, एजे. यंत्राला सोन्याचा मोह नाही." एजे म्हणजे ताई.

शिरेतून औषध दिल्यावर पडद्यावर गाठ लख्ख उजळली. जर्दाळूएवढी. कडा स्वच्छ, मेंदूच्या आवरणाला चिकटलेली. राजधानीत, बिश्केकला नेली तर निघण्यासारखी.

सोनुनबू बाहेर बूट चढवत बसली. तिचा भाऊ मेदेर आत आला आणि त्याने दार लोटलं.

"तिला सांगू नका. नसा आखडल्यात म्हणा. आपल्यात असं तोंडावर सांगतात का?"

"मग ऑपरेशन?"

"नाव ऐकूनच मरेल ती. गावात झाडफूक करणारी आहे, तिच्याकडे नेतो."

ही रीत कानिशायच्याही घरातली होती. 'बरं' हा शब्द ओठांवर आला...

घंटा वाजली.

भिंतीतली नाही. खणातून, जुन्या फुग्याची. त्याची नळी आता कशालाच जोडलेली नव्हती.

मग यंत्राच्या थंडाव्याचा पंप थांबला. तो कधीच थांबत नाही. त्या शांततेत स्पीकरमधून एका म्हातारीचा आवाज आला...

"काय दिसलं?"

मेदेर भिंतीला टेकला. "आत कोण आहे?"

"कुणी नाही," जिरगल पुटपुटला.

कानिशायला भीतीहून राग जास्त आला. तिने माइकचं बटण दाबलं.

"ऐका, अपा! तुमच्या धाकाने मी सांगणार नाही. याच्या धाकाने गप्पही बसणार नाही. डोकं तिचं आहे, म्हणून सांगणार!"

टक्... टक्... पंप सुरू झाला.

तिने सोनुनबूला आत बोलावलं आणि गाठ दाखवली.

सोनुनबूने पडद्यावरच्या गाठीवर बोट ठेवलं. "निघेल?"

"बहुतेक सगळी."

"मग काढा." ती भावाकडे वळली. "आणि तू काय सांगणार होतास? नसा? अरे गाढवा, माझ्या नसा तुझ्यामुळे आखडतात!"

जाताना दारात थांबली.

"डॉक्टर, आत माझा पाय धरून बसलेली ती म्हातारी कोण? हात बर्फ होते तिचे. म्हणाली, विचारल्याशिवाय उठू नकोस..."

सोनुनबू आज गालिचे शिवते. तिची गाठ गेली.

कानिशायने तो जुना फुगा पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. तरी तो खणातच आहे. कुणी नातेवाईक दार लोटून "सांगू नका" म्हणाला, की तो वाजतो. ती सांगते. तो थांबतो. तिला त्याची सवय झाली होती.

परवा मात्र पेशंट नव्हता. नातेवाईकही नव्हता.

आठवडाभर तिचंच डोकं दुखत होतं, म्हणून जिरगलने तिलाच यंत्रात झोपवलं होतं. ती बाहेर आली. तो पडद्याकडे पाहत होता. चहा गार झाला होता.

"काही नाही, डॉक्टर. नुसता शीण आहे."

खणात घंटा वाजली...

कानिशायने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

"बायके," ती म्हणाली, "पडदा इकडे फिरवा."