मऊ पडलेल्या भिंती

वहिनींच्या कचेरीत आजवर पळालेले नवरे शोधायला माणसं आली होती. बिस्किटाचे तुकडे घेऊन कुणी आलं नव्हतं.

आलेली बाई दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिनं टेबलावर रुमाल सोडला. आत आल्याच्या बिस्किटाची एक भिंत होती, चपातीसारखी वळणारी.

"हसू नका," ती म्हणाली. "नाताळासाठी मुलीबरोबर बिस्किटांचं घर केलं. आयुष्यात पहिल्यांदा. काल सकाळी उभं केलं आणि सगळं खाली बसलं. माझी चिमणी म्हणाली, पुढच्या वेळी आत्याकडेच करू. आता ती माझ्याबरोबर ओट्यापाशी उभी राहत नाही."

वहिनी खासगी गुप्तहेर होत्या. त्यांचा धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून पोस्टमनपासून सगळेच म्हणत. हा दीर, म्हणजे भाऊजी, त्यांचा मदतनीस. भाऊजींची भूक दांडगी, डोकं मात्र सावकाश चालायचं.

"पीठ बिघडलं असेल," भाऊजी म्हणाले.

"छप्पर त्याच पिठाचं, त्याच ट्रेमधलं. ते अजून कडक आहे."

"ठेवलं कुठे होतं?" वहिनींनी विचारलं.

"छप्पर डब्यात मावेना. ते ताटात, नुसत्या जाळीखाली. भिंती घट्ट झाकणाच्या डब्यात."

"हे तर उलटंच झालं," भाऊजी म्हणाले. "उघडं राहिलेलं मऊ पडायला हवं."

वहिनींनी भिंत उलटी करून उजेडात धरली. मागे चंद्रकोरीच्या आकाराचा ओलसर डाग होता. त्यांनी तो हुंगला आणि चपला घातल्या.

घरी बाईचा नवरा गालावर हात धरून बसला होता. आधी त्यानं आढेवेढे घेतले, मग कबूल झाला. "दाराचा तुकडा मीच लंपास केला. भाजून गार झाल्यावर लगेच. इतका कडक, की दाढ अजून ठणकतेय."

"फक्त दार?"

"दाढ दुखल्यावर कोण भिंती खाणार?"

चिमणी टेबलाखाली पाय दुमडून बसली होती. वहिनी खाली वाकल्या.

"भिंती डब्यात कुणी भरल्या?"

"आईनं. गार झाल्यावर. मी गाल लावून बघितला होता."

"आणि झाकण?"

"आत्यानं लावलं. ती साचे न्यायला आली होती. झाकण फार घट्ट आहे, आईला जमत नाही. सकाळी काढलंही तिनंच." मग ती हळूच म्हणाली, "आईला काहीच जमत नाही." बाई सिंकजवळ उभी होती. तिनं नळ सोडला आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुतली.

आत्या खालच्या मजल्यावर राहायची. तिच्या स्वयंपाकघरात साचे लहानमोठे ओळीनं टांगलेले होते. ओट्याशी एक बुटका स्टूल होता आणि खिळ्याला छोटा एप्रन, इस्त्री केलेला.

"चिमणीचा," आत्या म्हणाली. "चालायला लागल्यापासून दर नाताळात ती याच स्टुलावर उभी असते. यंदा तिच्या आईला हौस आली. भिंती कच्च्या राहिल्या असणार, दुसरं काय? मोबाइलवर बघून हात बसत नाही." तिनं बिस्किटांचा डबा पुढे केला. "घ्या. माझी कधीही खा, मऊच असतात."

भाऊजींनी तीन खाल्ली. चौथ्यासाठी तळाशी हात घातला, तर सफरचंदाची फोड निघाली. तीही त्यांनी खाल्ली. "फळसुद्धा ठेवता वाटतं," ते कौतुकानं म्हणाले. आत्यानं डबा बंद केला.

संध्याकाळी वहिनींनी चिमणीला बाबांबरोबर सुंठ आणि साखर आणायला पाठवलं, आणि आत्याला वर बोलावलं.

"दार कडक होतं, छप्पर कडक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे पीठ बरोबर, भाजणंही बरोबर. भिंती भरल्या तेव्हा गार होत्या, म्हणजे वाफही नाही. मग बंद डब्यात ओल आली कुठून?"

"कुठून?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही दुपारी खाल्लीत ना, तसल्याच फोडीतून."

भाऊजींचा हात पोटावर गेला.

"डब्यात सफरचंदाची फोड ठेवली, की बिस्किटं तिची ओल ओढून मऊ होतात. बेकिंग करणाऱ्यांची ही नेहमीची युक्ती. या घरात ती कुणाला ठाऊक नाही. डाग फोडीच्या आकाराचा आहे, वासही सफरचंदाचा. झाकण लावताना फोड आत गेली, सकाळी झाकण काढताना बाहेर आली. दोन्ही वेळा हात एकाचाच होता."

आत्या म्हणाली, "वरून हसण्याचा आवाज येत होता. मी खाली स्टूल पुसून ठेवला होता. चिमणीनं साधं दारसुद्धा वाजवलं नाही. जळले मी, झालं?"

"भिंती पडल्याचं मला काही नाही, ताई," बाई म्हणाली. "पण ती माझ्यापासून लांब गेली, आणि तुम्ही बघत राहिलात."

जिन्यात पावलं वाजली. वहिनी आत्याला एवढंच म्हणाल्या, "मुलीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

चिमणी पिशवी घेऊन आत आली. आत्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. आईचं पीठ चांगलं होतं, हेही सांगितलं.

चिमणीनं डब्याकडे बघितलं, मग आईकडे. खालून आपला स्टूल आणायला बाबांना पिटाळलं आणि तो आईच्या अगदी शेजारी लावला.

सवयीनं आत्या बाह्या सरसावून पुढे झाली.

"तू नको," चिमणी म्हणाली. "तू नुसतं बघ."

बाईनं हात पुसले आणि नणंदेसाठी भिंतीजवळची खुर्ची ओढली.

"बसा ताई," ती म्हणाली. "दर नाताळात तुमच्याकडे मी अशीच भिंतीजवळ बसून बघायचे."