पुसायची राहिलेली चौकट

संस्थेच्या वरच्या मजल्यावर बाईंची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर फळा. विषय गणिताचा, त्यातही आकारांचा. एखादा अवकाश कितीही ताणला, पिळला तरी त्याचं काय बदलत नाही, हे शोधण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि घरच्यांच्या मते डोक्याचा भुगाही झाला होता.

त्यांच्या सरांची एक शिस्त होती. एखादी गोष्ट उलटी गृहीत धरून सिद्ध करायची असली, की ते गृहीतक फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहायचं. पुढे विसंगती निघाली, की चौकट खोटी ठरली, काम फत्ते. नाही निघाली, तर खोलीतून उठण्याआधी ती पुसायची. "खोटं बोलून तसंच निघून जाऊ नये," असं सर म्हणायचे. बाई मनातल्या मनात हसायच्या, पण न चुकता पुसायच्या.

त्या शनिवारी संस्था रिकामी होती. चौकटीत लिहिलं होतं, 'समजा, या अवकाशाला बाहेर नाही.' विसंगती काही केल्या हाती लागेना. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, शाळा सुटली. मी फाटकापाशी उभी आहे. वर येऊ?"

"अजिबात नको. आलेच मी."

खडूच्या धुळीनं लेकीला दम लागायचा, म्हणून बाईंनी तिला या खोलीत कधीच आणलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं पर्स उचलली आणि निघाल्या. बोळ, वळण, जिना. खालचं काचेचं दार ढकलून बाहेर पडल्या, तर समोर टेबल, दोन खुर्च्या, फळा.

दमलोय आपण, असं म्हणून त्या पुन्हा उतरल्या. पुन्हा फळा. मागच्या जिन्यानं गेल्या, तरी तेच. मग मात्र त्यांची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. डस्टर घेऊन त्यांनी चौकट खसाखसा पुसली आणि जिना उतरल्या. खोलीच आली.

त्यांनी दूरगावी राहणाऱ्या सरांना फोन लावला.

"सर, चौकट पुसायची राहिली."

चौकटीत काय लिहिलं होतं, ते सरांनी विचारून घेतलं.

"आता पुसून काय उपयोग, बाळ? आता विसंगतीच हवी."

बाहेर नाही, हे गृहीत. मग बाहेरून कुणी आत आलं तर? तीच विसंगती! एका माणसाचं येणं पुरे होतं. आणि ते माणूस फाटकापाशी उभं होतं.

तीही अडकली तर? बाईंना स्वतःची लाज वाटली. तरी बोट फोनवर गेलंच.

"वर ये, राणी."

दारावर टकटक झाली.

लेकच होती, पाठीवर दप्तर. बाईंनी तिला घट्ट कवटाळलं. डोळे भरून आले.

"बाहेर फार ऊन होतं का गं?"

आई थट्टा करतेय असं वाटून लेक हसली.

"बाहेर म्हणजे?"

तिनं दप्तर रोजच्यासारखं टेबलाखाली सरकवलं, डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागली. धुळीचा लोट उठला. तिला जराही दम लागला नाही.