छत्री की सोनचाफा?

“इचारलंस न्हवं? मग थांब की जरा!” धायरीच्या रानात खुरपता खुरपता सोजरआत्या ओरडायची. लहानपणी मी एका दमात तीन प्रश्न विचारायची, अन् तिन्हींची उत्तरंही मीच द्यायची ना…

पुढं मी आजाऱ्यांच्या देखभालीचं शिक्षण घेतलं. खोड तेवढी राहिली.

त्या सकाळी मंडईत सोनचाफ्याच्या शेवटच्या पुडीवर माझा आणि एका चष्मेवाल्याचा हात एकदमच पडला.

“घ्या आपण,” तो म्हणाला. “आईसाठी होती, पण मला रिकाम्या हातानं घरी जायची सवय आहे.”

मी हसले. पुडी घेतली. तासाभरानं कसबा पेठेत कामाच्या नव्या घराची बेल वाजवली, तर दारात तोच!

“वा! फुलं घरपोच?”

तो श्यामसुंदर. आत पलंगावर त्याची आई, मंदाकिनीबाई. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या ओठांवर एकच शब्द उरला होता — नको. चहा देऊ? नको. भात भरवू? नको. मी लगेच कप उचलायची, त्या भिंतीकडं तोंड फिरवायच्या. दिवसेंदिवस वाळत चालल्या.

“सोमवारी तिला आजारी माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत नेतोय,” एका संध्याकाळी श्यामसुंदर खाली मान घालून म्हणाला. “माझ्या हातचं काहीच नको तिला. विचारलं, तिकडं राहशील? नको. मग इथंच राहशील? तेही नको!”

“दोन्ही नको?… अहो, असं कसं? शब्दच एक उरलाय, तो नकाराचाच कशावरून?”

आत्याचा आवाज कानात घुमला. मी एका हातात चहा घेतला, दुसऱ्यात दूध. बाईंच्या समोर बसले. “चहा की दूध?”

आणि थांबले. श्यामसुंदर काही बोलणार, तोच मी मानेनं ‘अंहं’ केलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक… बाईंचा डावा हात हळूच हलला, चहाच्या कपावर येऊन टेकला. “नको,” त्या म्हणाल्या. आणि कप घट्ट धरून ठेवला!

श्यामसुंदर गुडघ्यांवर बसला. आधी दाराकडं बोट केलं, मग पलंगावर हात ठेवला. “आई, तिकडं… की इथं?”

तो थांबला. बाईंनी त्याचा शर्टच मुठीत पकडला. “नको, नको,” म्हणत रडल्या, हसल्या. सोमवार आला नि गेला, त्या घरातच राहिल्या. दोन वेळा पोटभर जेवू लागल्या.

महिन्याभरानं मी घरी निघाले, तर श्यामसुंदर दारात वाट अडवून उभा. एका हातात माझी छत्री, दुसऱ्यात सोनचाफ्याची पुडी.

“कुठलं घेणार?”

“आधी अर्थ सांगा.”

“छत्री घेतलीत, तर धायरीची बस. फुलं घेतलीत, तर… बस तीच, पण मीही येतो. आत्यांना भेटायला.”

“आणि मी बोललेच नाही तर?”

“थांबेन. विचारलंय ना.”

आतून खणखणीत “नको!” आलं. पाहते तर बाईंचा हात फुलांकडं!

मी पुडी घेतली. पुडीसकट धरलेला त्याचा हात मात्र सोडला नाही.

“मंडईतली ती पुडी तेव्हाच तुम्हाला देणार होते,” मी म्हणाले. “पण दिली असती, तर तुम्हाला पुन्हा शोधायचं निमित्तच उरलं नसतं… आवडलात हो तुम्ही मला. तेव्हाच.”