ओमानसाठी एक दाखला

या दाखल्यातून मस्कतला कामाला असलेल्या भीमाशंकरला मिळणार होतं ते असं: तिथली एक नर्स दुसरी बायको म्हणून, तिचं गार क्वार्टर आणि हॉटेलच्या डाळीपासून सुटका. अडसर एकच. पहिली बायको शिवकन्या वारल्याच्या दाखल्यावर मुंबईला मंत्रालयाचा शिक्का आणि दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचं स्टिकर हवं. त्याशिवाय ओमानात तो कागद चालत नाही. असली कामं मी केजात दुकान टाकून करतो. मूळ दाखला आणायला त्याच्या गावी, युसूफ वडगावला, गेलो.

त्याची आई साखराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. दाखला देत म्हणाली, "बस, बसवेश्वरा. चहा मलाच ठेवावा लागंल. सून उठत न्हाई."

"कोणती सून, मावशी?"

तिनं सुपानंच आत दाखवलं.

मधल्या खोलीत एक बाई मांडी घालून बसली होती. पाठ ताठ. कपाळभर भस्म. डावा तळहात छातीपाशी, त्यात काहीतरी जपून धरलेलं. बाहेर रणरणतं ऊन, आणि तिच्या पदराला ओली माती.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच पुरतात, तळहातावर इष्टलिंग ठेवून. शिवकन्येला बसवलं तेव्हा मी खड्ड्याच्या काठाशीच उभा होतो.

चहा घेतला नाही.

"भीमाशंकरला ठाऊक हाय?"

"सांगितलं की. म्हणला, शिक्का लागला की मिटंल."

मीही तेच म्हणालो. धंदा आहे. शिक्का झाला, स्टिकर लागलं, दाखला कुरियरनं मस्कतला गेला.

पुढच्या आठवड्यात भीमाशंकरचा फोन. आवाज दबका.

"अण्णा, दार उघडून आत आलो, तर..."

"कोण आलंय बे?"

"आलं न्हाई कुणी. बसलीय. उठत न्हाई."

मागे कुणीतरी घाईघाईनं बॅगेची चेन ओढत होतं.

त्याच दुपारी साखराबाई दुकानात हजर.

"कावून पाठवलीस तिला? लई सोबत होती मला. खोली मोकळी पडली."

"मी कागद पाठवला, मावशी."

"तेच म्हणते." तिनं आपलं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. "माझाबी तसलाच कागद करून ठेव. शिक्क्यासकट."

"तो मेलेल्या माणसाचा असतो."

"म्हणून तर आधी सांगते."

हिशोब असा झाला. माझी फी मला पोचली. नर्स क्वार्टर सोडून हॉस्टेलला परत गेली. भीमाशंकर डाळच खातो, फक्त ताटं दोन वाढतो. तोटा भरला तो साखराबाईनं. परवा तिचं कार्ड परत द्यायला गेलो, तर मधल्या खोलीत, त्याच जागी, ती मांडी घालून ताठ बसली होती. डावा तळहात छातीपाशी, अजून रिकामा.

"सवय करतेय," म्हणाली.